अमेरिकेचा संरक्षण खर्च, मित्रदेशांची मदत आणि घरच्या गरजा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहून तिथे कर भरणाऱ्या मराठी माणसाला हा विषय दोन्हीकडून ऐकावा लागतो. शेजारी म्हणतो, आमच्या गावचा पूल पडायला आलाय आणि पैसे चाललेत परदेशात. भारतातले नातेवाईक फोनवर विचारतात, एवढा श्रीमंत देश, मग माणसं फुटपाथवर का झोपतात? दोघांचंही म्हणणं रास्त आहे. पण त्यावर जी उत्तरं मिळतात ती बहुतेक वेळा घोषणांची असतात, हिशेबाची नसतात. हे पान हिशेबासाठी आहे.

सगळ्या रकमा डॉलरमध्ये आहेत. १ अब्ज म्हणजे १०० कोटी, आणि १ लाख कोटी म्हणजे तिकडे ज्याला ट्रिलियन म्हणतात ते. अमेरिकी सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि ते ज्या वर्षात संपतं त्या वर्षाच्या नावाने ओळखलं जातं. ‘काँग्रेस’ म्हणजे इथे अमेरिकेची संसद.

अमेरिका सैन्यावर नेमका किती खर्च करते?

स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगाचा एकूण लष्करी खर्च २,७१८ अब्ज डॉलर होता. त्यातले ९९७ अब्ज एकट्या अमेरिकेचे, म्हणजे सुमारे ३७ टक्के. दुसऱ्या क्रमांकावरच्या चीनचा अंदाज ३१४ अब्जांचा आहे.

वेगवेगळ्या बातम्यांत वेगवेगळे आकडे दिसतात, कारण काय धरायचं आणि काय सोडायचं यावर ते ठरतं. पेंटॅगॉनचं, म्हणजे संरक्षण खात्याचं, बजेट वेगळं. अण्वस्त्रांच्या देखभालीचा खर्च ऊर्जा खात्यात दाखवला जातो. निवृत्त सैनिकांचे दवाखाने आणि भत्ते आणखी तिसऱ्याच खात्यात, आणि ती रक्कम वर्षाला ३०० अब्जांच्या पुढे गेली आहे. युद्धाचा खर्च युद्ध संपल्यावर थांबत नाही, तो नाव बदलून पुढची ५०-६० वर्षं चालू राहतो. म्हणून कुणी आकडा फेकला की आधी विचारावं, यात निवृत्त सैनिक धरलेत का?

पण मग बाकीचा पैसा जातो कुठे?

२०२४ च्या आर्थिक वर्षात केंद्र सरकारने सुमारे पावणेसात लाख कोटी डॉलर खर्च केले. दर १०० डॉलरमागे साधारण २२ डॉलर वृद्धांच्या आणि अपंगांच्या पेन्शनला, म्हणजे सोशल सिक्युरिटीला गेले. तेवढेच वृद्धांसाठीची मेडिकेअर आणि गरिबांसाठीची मेडिकेड या दोन आरोग्य योजनांना. संरक्षणाला १३. आणि कर्जावरच्या व्याजालाही १३. त्या वर्षी व्याजाने संरक्षणाला मागे टाकलं.

म्हणजे ‘सगळा पैसा फौजेवर जातो’ हे खरं नाही. पण या आकड्यांत एक मेख आहे. पेन्शन आणि मेडिकेअर कायद्याने आपोआप चालतात, दरवर्षी त्यांच्यावर मतदान होत नाही. काँग्रेस दरवर्षी हाताने वाटते तो पैसा एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असतो, आणि त्यातला जवळजवळ निम्मा संरक्षणाला जातो. उरलेल्या निम्म्यात घरबांधणी अनुदान, शाळांची केंद्रीय मदत, वैद्यकीय संशोधन, राष्ट्रीय उद्यानं, न्यायालयं, पाणी, रस्ते, सगळे एकमेकांना कोपरं मारत बसलेले असतात. खरी ओढाताण आहे ती इथे.

आणि परदेशी मदत?

केएफएफ ही आरोग्यधोरणाचा अभ्यास करणारी संस्था अनेक वर्षं अमेरिकी लोकांना विचारत आली आहे की बजेटचा किती भाग परदेशी मदतीला जातो असं तुम्हाला वाटतं. सरासरी उत्तर चौथ्या हिश्श्याच्या जवळपास येतं. प्रत्यक्षात तो सुमारे १ टक्का असतो. २०२३ मध्ये, युक्रेनची मदत धरूनसुद्धा, तो सुमारे ७२ अब्ज डॉलर होता, म्हणजे १.२ टक्के.

लोक अडाणी आहेत म्हणून ही चूक होत नाही. मदतीची बातमी मोठ्या मथळ्याने येते, राष्ट्राध्यक्ष हात मिळवताना दिसतात, आकडा ठळक छापला जातो. मेडिकेअरने काल किती रुग्णांचं बिल भरलं याची बातमी होत नाही. डोळ्यांना जे दिसतं ते मनात मोठं होतं.

युक्रेनला १७५ अब्ज डॉलर दिले म्हणतात. म्हणजे रोख पाठवले?

नाही. पण ‘एक डॉलरही बाहेर गेला नाही’ असं सांगणारेही चुकीचं सांगतात. २०२२ ते २०२४ या काळात काँग्रेसने पाच कायद्यांतून सुमारे १७५ अब्ज डॉलर मंजूर केले. त्यांचे तीन-चार वेगळे प्रवाह आहेत.

पहिला, अमेरिकेने स्वतःच्या कोठारातून शस्त्रं काढून दिली आणि कोठार पुन्हा भरण्यासाठी पैसे मंजूर केले. एप्रिल २०२४ च्या कायद्यात युक्रेनच्या नावाने जे ६१ अब्ज होते, त्यातले सुमारे २३ अब्ज या भरपाईचे होते. दुसरा, युक्रेनसाठी अमेरिकी कारखान्यांना नव्या ऑर्डरी. तिसरा, त्या भागातल्या अमेरिकी फौजेचा स्वतःचा खर्च. आणि चौथा, युक्रेन सरकारचा रोजचा गाडा चालावा, पेन्शन आणि पगार निघावेत म्हणून दिलेली अर्थमदत. ही मात्र खरोखरच रोखीत गेली.

पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनमध्ये सैन्याच्या मालकीचा जुना कारखाना आहे, तिथे १५५ मिलिमीटर तोफगोळ्यांची पोलादी कवचं बनतात. २०२२ मध्ये अमेरिकेची क्षमता महिन्याला सुमारे १४,००० गोळ्यांची होती. लक्ष्य १ लाखावर नेलं गेलं. युक्रेनच्या नावावर टाकलेल्या पैशाचा एक भाग असा स्क्रँटनच्या भट्टीत गेला.

या प्रकरणातली एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात नाही. कोठारातून काढलेल्या जुन्या शस्त्राची किंमत काय धरायची? २०२३ मध्ये पेंटॅगॉनला आढळलं की त्यांनी जुन्या वस्तूंची आजची पुस्तकी किंमत लावण्याऐवजी नवीन वस्तू घेण्याची किंमत लावली होती. फरक निघाला ६.२ अब्ज डॉलरचा. म्हणजे कागदावर दिलेली मदत प्रत्यक्षाहून तेवढ्याने जास्त दिसत होती. हिशेब सुधारल्यावर तेवढ्या रकमेची आणखी शस्त्रं पाठवायची मुभा उघडली. एखाद्या गावाला पिण्याच्या पाण्यासाठी ६.२ अब्ज असे हिशेबाच्या फटीतून सापडल्याचं मी कधी वाचलेलं नाही.

इस्राएल आणि इजिप्तला दरवर्षी ठरलेली रक्कम का मिळते?

इस्राएलशी २०१६ मध्ये दहा वर्षांचा करार झाला: २०१९ ते २०२८, एकूण ३८ अब्ज डॉलर. वर्षाला ३.८ अब्ज. त्यातले ३.३ अब्ज शस्त्रखरेदीला आणि अर्धा अब्ज क्षेपणास्त्र-रोधक यंत्रणेला. ऑक्टोबर २०२३ नंतर यावर वेगळी भर पडली. इजिप्तला मिळणारे वर्षाला १.३ अब्ज हे १९७९ च्या इस्राएल-इजिप्त शांतता कराराचं लांबलेलं बिल आहे.

आकाराने बघायचं तर इस्राएलची नेहमीची वार्षिक मदत केंद्र सरकारच्या १०० डॉलर खर्चामागे सहा सेंटसुद्धा भरत नाही. तरीही या मदतीवर प्रश्न विचारायला हवेत, आणि ते पैशाच्या पलीकडचे आहेत. अमेरिकेतच ‘लेही कायदा’ आहे: ज्या लष्करी तुकडीवर मानवाधिकारांच्या गंभीर उल्लंघनाची विश्वासार्ह माहिती आहे तिला मदत देता येत नाही. तो कायदा सगळ्या मित्रांना सारखा लावला जातो का, हा प्रश्न एक सेंट दिला तरी तेवढाच मोठा असतो. गाझात शस्त्रं कशी वापरली जातात याची जबाबदारी ‘रक्कम लहान आहे’ म्हणून टळत नाही.

ही मदत बंद केली तर तो पैसा शाळा-दवाखान्यांकडे वळेल ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आता याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज उरलेली नाही. २०२५ मध्ये हा प्रयोग प्रत्यक्ष करून झाला आहे.

२० जानेवारीला परदेशी मदत गोठवायचा आदेश निघाला. मार्चपर्यंत परदेशी मदत वाटणाऱ्या यूएसएड या सरकारी संस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर केलं. १ जुलैला १९६१ पासून चालत आलेली ही संस्था स्वतंत्र संस्था म्हणून संपली. जुलैमध्येच काँग्रेसने मंजूर झालेल्या पैशांतले सुमारे ९ अब्ज परत घेतले, त्यातले सुमारे ८ अब्ज परदेशी मदतीचे होते. मग हे पैसे घरच्या गरजांना मिळाले का?

त्याच जुलैच्या ४ तारखेला जो मोठा कायदा सही झाला, त्यात संरक्षणासाठी सुमारे १५० अब्जांची जादा तरतूद होती, आणि त्याच कायद्यात मेडिकेड आणि गरिबांच्या अन्नमदतीला कात्री होती. काँग्रेसच्याच बजेट कार्यालयाचा अंदाज आहे की या कायद्यामुळे २०३४ पर्यंत सुमारे १ कोटी लोक आरोग्यविम्याबाहेर जातील. परदेशातल्या बाळाची लस थांबली आणि घरच्या बाळाचा विमाही आक्रसला. एकाचं काढून दुसऱ्याला दिलं असं झालंच नाही, दोघांचंही काढलं गेलं.

आणखी एक बारीक गोष्ट. जानेवारीत मदत गोठवली तेव्हा ज्यांना सवलत दिली गेली त्यात तातडीची अन्नमदत होती, आणि इस्राएल व इजिप्तची लष्करी मदतही होती. एड्सच्या औषधांचा कार्यक्रम, जो २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सुरू केला आणि ज्याने अडीच कोटी जीव वाचवल्याचं अमेरिकी सरकारच सांगत आलं, त्याला मात्र पहिल्या फटक्यात थांबावं लागलं. म्हणून ‘परदेशी मदत’ हा एकच शब्द वापरून बोलू नये. तोफगोळे आणि गोळ्या-औषधं एकाच पिशवीत घातली की कात्री लागते ती औषधांना.

मग घरच्या गरजांना पैसे का मिळत नाहीत? पैसा नाही म्हणून?

१५ डिसेंबर २०२१ हा दिवस मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो.

त्या वर्षी कोविडच्या मदतकायद्यातून मुलं असलेल्या कुटुंबांना दरमहा रक्कम मिळू लागली होती: सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला ३,६०० डॉलर, मोठ्या मुलामागे ३,०००. आधी हीच मदत करसवलत म्हणून कमी रकमेची होती आणि गरिबातल्या गरिबाला पूर्ण मिळतच नसे, कारण ती मिळायला पुरेसं उत्पन्न लागायचं. ती अट काढली. परिणाम असा की जनगणना विभागाच्या पूरक मोजमापानुसार बालदारिद्र्य २०२१ मध्ये ५.२ टक्क्यांवर आलं. तोवरचा नीचांक. या वाढीव भागाचा वर्षाचा खर्च साधारण १०० अब्ज होता.

ती रक्कम पुढे चालू ठेवायचा प्रस्ताव सिनेटमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहात, अडला. महागाई वाढेल, तूट वाढेल, लोक काम सोडतील, पैसे कुठे खर्च करतात कोण बघणार, असे आक्षेप आले. शेवटचा मासिक हप्ता लोकांच्या खात्यात पडला तो १५ डिसेंबरला. आणि त्याच दिवशी त्याच सिनेटने संरक्षणाचा वार्षिक कायदा ८८ विरुद्ध ११ मतांनी मंजूर केला: सुमारे ७६८ अब्ज, सरकारने स्वतः मागितले होते त्याहून सुमारे २५ अब्ज जास्त. पुढच्या वर्षी बालदारिद्र्य १२.४ टक्क्यांवर गेलं.

लक्षात घ्या, रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला केला तो २४ फेब्रुवारी २०२२ ला. म्हणजे मुलांचे पैसे थांबले तेव्हा युक्रेनची ही मोठी मदत सुरूही झाली नव्हती. युक्रेनच्या राजधानीला, कीव्हला, असे अब्जावधी जात नव्हते तेव्हाही घरचा हप्ता बंदच झाला.

तेव्हा ‘परदेशाला देतात म्हणून आपल्याला नाही’ हे समीकरण मला पटत नाही. मला दिसतं ते असं: दोन वेगवेगळी मापं आहेत. गरिबाच्या योजनेला प्रत्येक वेळी विचारलं जातं, पैसे कुठून आणणार? संरक्षणाला हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

पण पेंटॅगॉनचंही ऑडिट होतं की.

होतं. २०१८ पासून दरवर्षी पूर्ण ऑडिट होतं आणि दरवर्षी खातं नापास होतं. मरीन कोअर या एका सैन्यदलाने २०२३ च्या वर्षाचं ऑडिट पार केलं, हा अपवाद. नापास म्हणजे तेवढा पैसा चोरीला गेला असं नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. अर्थ एवढाच की सुटे भाग कुठे आहेत, किती आहेत, त्यांची किंमत काय, हे तपासनिसाला पटेल असं खातं दाखवू शकत नाही. पण हीसुद्धा काही छोटी गोष्ट नाही.

आता याच्या शेजारी मेडिकेड ठेवा. कोविडकाळातली सूट संपल्यावर २०२३ मध्ये राज्यांनी सगळ्या लाभार्थ्यांची पात्रता पुन्हा तपासायला घेतली. अडीच कोटींहून जास्त लोक योजनेतून वगळले गेले, आणि त्यातले जवळपास ७० टक्के अपात्र ठरले म्हणून नव्हेत, तर कागदपत्रांच्या कारणाने: फॉर्म वेळेत आला नाही, पत्र जुन्या पत्त्यावर गेलं. ज्या बाईचा एक कागद कमी पडला तिचं इन्शुलिन बंद होतं. ज्या खात्याला आपली कोठारं मोजता येत नाहीत त्याचं बजेट वाढतं. हे मला सहन होत नाही, आणि ते कुणालाच सहन होऊ नये असं मला वाटतं.

शस्त्रप्रकल्पांचंही तेच. जमिनीवरून डागायच्या नव्या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राचा, सेंटिनेलचा, अंदाज ८१ टक्क्यांनी वाढून सुमारे १४१ अब्जांवर गेला. कायदा असा आहे की खर्च इतका फुगला तर प्रकल्प रद्द व्हायला हवा, पण ‘राष्ट्रीय सुरक्षेसाठी आवश्यक’ असं प्रमाणपत्र संरक्षण खात्यानेच दिलं की तो वाचतो. जुलै २०२४ मध्ये तसं प्रमाणपत्र मिळालं. एफ-३५ लढाऊ विमानांचा आयुष्यभराचा खर्च सरकारच्या लेखातपासणी कार्यालयाने २ लाख कोटींच्या पुढे धरला आहे, त्यातला मोठा भाग देखभालीचा.

निदान सैनिकांना तरी तो पैसा मिळतो ना?

मिळायला हवा तसा नाही. संरक्षण खात्याच्याच २०२२ मधल्या अहवालात सेवेतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या सैनिकांना आधीच्या वर्षभरात पुरेसं अन्न परवडण्याची चिंता होती असं नोंदलं आहे. लेखातपासणी कार्यालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये बरॅकींची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात भिंतींवर बुरशी, फुटलेल्या सांडपाण्याच्या नळ्या, कीटक, न चालणारी वातानुकूलन यंत्रणा असं सगळं होतं. संरक्षण बजेट कमी करा म्हटलं की ‘मग सैनिकांच्या विरोधात आहात का’ असा प्रश्न येतो. त्याला हे उत्तर आहे. सैनिकाचं घरही ‘घरची गरज’च आहे, आणि पेंटॅगॉनच्या आतसुद्धा ती यंत्रांच्या मागेच उभी राहते.

संरक्षण खर्चाने रोजगार मिळतो, त्याचं काय?

मिळतो. पण तुलना करून बघा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांनी अनेकदा हिशेब मांडला आहे: तेवढाच पैसा शिक्षणावर घातला तर दुपटीहून जास्त नोकऱ्या निर्माण होतात, आरोग्यावर घातला तरी संरक्षणापेक्षा जास्त. कारण साधं आहे, शाळेचा पैसा मुख्यतः माणसांच्या पगाराला जातो, विमानाचा पैसा महागड्या यंत्रांना.

तरीही हा मुद्दा संसदेत चालतो, कारण एफ-३५ चे सुटे भाग बनवणारे पुरवठादार जवळजवळ प्रत्येक राज्यात पसरलेले आहेत. खर्च कमी करायचा म्हटलं की शेकडो मतदारसंघांत एकाच वेळी फोन खणखणतात. शीतयुद्धानंतर सरकारच्या प्रोत्साहनाने कंपन्या एकमेकींत विलीन होत गेल्या आणि मोठ्या ठेकेदारांची संख्या ५१ वरून ५ वर आली. विक्रेते पाच आणि गिऱ्हाईक एक, तेव्हा भाव कोण ठरवणार हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १७ जानेवारी १९६१ च्या निरोपाच्या भाषणात याच जाळ्याविरुद्ध सावध केलं होतं. ते स्वतः पाच तारे मिळालेले जनरल होते.

त्यांचंच एप्रिल १९५३ चं भाषण जास्त सुंदर आहे. एका आधुनिक बॉम्बरच्या किमतीत तीसहून जास्त शहरांत एकेक पक्की शाळा होते, किंवा सुसज्ज अशी दोन इस्पितळं, असा हिशेब त्यांनी मांडला होता. राष्ट्राध्यक्षाने, तेही कोरियाचं युद्ध चालू असताना, असं जाहीर बोलावं याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पण जीडीपीच्या मानाने हा खर्च घटलाच आहे ना?

हो, हे खरं आहे. १९५३ मध्ये सुमारे १४ टक्के, व्हिएतनामच्या ऐन भरात १९६८ ला ९ च्या आसपास, रेगन यांच्या काळात ६, आता ३ च्या आसपास. पण अर्थव्यवस्था वाढली म्हणून तितकी शस्त्रं जास्त लागतातच असा नियम नाही. महागाई वजा करून डॉलर मोजले तर आजचा खर्च शीतयुद्धाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे.

खर्च खाली आणता येतो हेही अमेरिकेने करून दाखवलंय. सोव्हिएत संघ गेल्यावर १९९० च्या दशकात वाटा निम्म्यावर आला, अनेक तळ बंद झाले, आणि १९९८ ते २००१ अशी सलग चार वर्षं बजेटमध्ये शिल्लक पडली. त्यात करवाढीचा आणि तेजीचाही वाटा होता, पण संरक्षणातल्या कपातीशिवाय ते जमलं नसतं. मग अफगाणिस्तान आणि इराकची युद्धं आली आणि ती कर न वाढवता, उलट कर कमी करून, कर्जावर लढली गेली. आज व्याजापोटी जे भरलं जातंय त्यात तो जुना हिशेबही आहे.

मित्रदेश आपला वाटा उचलतात का?

पूर्वी नव्हते, आता उचलू लागलेत. २०१४ मध्ये नाटोचे तीनच सदस्य जीडीपीच्या २ टक्क्यांची खूण गाठत होते, २०२४ मध्ये २३ गाठतील असा नाटोचा अंदाज होता. २०२५ च्या हेग परिषदेत २०३५ पर्यंत ५ टक्क्यांचं लक्ष्य ठरलं. मात्र युरोपने खर्च वाढवला म्हणून अमेरिकेचा तेवढा कमी झाला, असं अजून दिसलेलं नाही.

मदतीचा अमेरिकेला कधी फायदा झाला का?

मार्शल योजना सगळ्यांना ठाऊक असते: १९४८ ते १९५२, सुमारे १३ अब्ज, त्या वेळचे. उद्ध्वस्त पश्चिम युरोप उभा राहिला आणि अमेरिकी मालाचा मोठा ग्राहक बनला. त्याआधी मित्रदेशांना युद्धसाहित्य उसनं द्यायचा १९४१ चा लेंड-लीज कायदा होता. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर पाण्याचा पाइप द्यायचा, त्याची किंमत मागायची नाही, आग विझल्यावर पाइप परत घ्यायचा, हे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं उदाहरण त्याच कायद्यासाठीचं. हिटलरशी लढणाऱ्यांना दिलेली ती शस्त्रं वाया गेली असं कोण म्हणेल? माझ्या मते युक्रेनची मदत याच जातीची आहे. सगळ्याच मदतीला मी हे प्रशस्तिपत्र देणार नाही. अफगाण फौजेवर वीस वर्षं ओतलेले अब्जावधी डॉलर ऑगस्ट २०२१ मध्ये काही दिवसांत विरघळले.

घरच्या गरजा म्हणजे नेमक्या कोणत्या, आणि त्यांना किती लागेल?

दोनच सांगतो. जानेवारी २०२४ च्या एका रात्रीच्या मोजणीत ७,७१,४८० माणसं बेघर आढळली, आधीच्या वर्षापेक्षा १८ टक्के जास्त आणि ही मोजणी सुरू झाल्यापासूनची सर्वाधिक. घरभाड्याची केंद्रीय मदत मिळायला पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी साधारण एकालाच ती मिळते. बाकीचे वर्षानुवर्षं रांगेत.

दुसरी, शिशाच्या नळ्या. मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात नळाच्या पाण्यात शिसं उतरण्याची शोकांतिका २०१४ मध्ये सुरू झाली. पर्यावरण खात्याच्या अंदाजाने देशात अशा सुमारे ९० लाख नळजोडण्या उरल्या होत्या. २०२१ च्या कायद्याने १५ अब्ज दिले. भागून बघा, एका जोडणीमागे १,७०० डॉलरही येत नाहीत, आणि रस्ता खणून नळ बदलायला त्याच्या काही पट लागतात. शिसं मुलांच्या मेंदूला जी इजा करतं ती परत भरून येत नाही. इथे ‘नंतर बघू’ला काही अर्थच नाही.

आणि हो, शाळा. अमेरिकेत शाळांचा ९० टक्क्यांच्या आसपास पैसा राज्यं आणि स्थानिक मालमत्ता करातून येतो. तुमच्या मुलाच्या वर्गात पुस्तकं नसतील तर कीव्हआधी तुमच्या स्थानिक शाळा मंडळाचं बजेट उघडून बघा.

मग कपात कुठे करावी असं तुमचं मत?

परदेशी मदतीत कात्री चालवून घरचं भागेल या आशेवर राहू नये, दात कोरून पोट भरत नाही. हात घालायचा तर मोठ्या गाठोड्याला. सेंटिनेलसारखा प्रकल्प, पाणबुड्या आणि बॉम्बर हाताशी असताना, खरंच हवा का हे खुल्या सुनावणीत विचारावं. लष्करालाच नको असलेले तळ बंद करू द्यावेत. २००५ नंतर पेंटॅगॉनने अनेकदा परवानगी मागितली आणि काँग्रेसने ती नाकारली. देखभालीचे ठेके असे लिहावेत की विमानाची दुरुस्ती करायला हवाई दलाला कंपनीच्या परवानगीची गरज पडू नये. आणि ऑडिट पार होईपर्यंत मागितल्यापेक्षा एक डॉलरही जास्त देऊ नये.

एक साधा मतदार यात काय करू शकतो?

अमेरिकी राज्यघटनेने खजिन्याच्या किल्ल्या काँग्रेसच्या हाती दिल्या आहेत, आणि सैन्यासाठी एका वेळी दोन वर्षांहून जास्त काळाचा पैसा मंजूर करायला मनाई केली आहे. कायम फौज हा त्या पिढीला धोका वाटत होता, म्हणून सैन्याला पुन्हा पुन्हा लोकप्रतिनिधींच्या दारात यायला लावलं.

बारा खर्च-विधेयकांत एकूण रक्कम कशी विभागायची हे प्रतिनिधीगृहाची (काँग्रेसच्या खालच्या सभागृहाची) खर्च समिती बहुधा मे-जूनच्या सुमारास ठरवते. त्या वाटणीत संरक्षणाचा आकडा आणि घरबांधणीचा आकडा एकाच कागदावर शेजारी शेजारी असतात. सप्टेंबरमध्ये टीव्हीवर भांडण सुरू होतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. तुमच्या प्रतिनिधीच्या कार्यालयाला फोन करायचा तो त्या मे-जूनमध्ये. विचारायचं ते इतकंच: या वर्षी संरक्षणाला मागितल्यापेक्षा किती जास्त देताय, आणि घरभाड्याच्या रांगेतल्या किती कुटुंबांचा नंबर लावताय? फोन उचलणारा बहुतेक वेळा विशीतला मुलगा किंवा मुलगी असते, हातात नोंदवही घेऊन. तुमचा पिन कोड आणि प्रश्न ते लिहून घेतात.